उसन्या पुस्तकांवर चालणारे वाचन

छापील पुस्तक टिकणार की मोबाइल आणि ई-बुक त्याची जागा घेणार, ही चर्चा मराठीत बरीच वर्षे चालू आहे आणि ती बहुतेक वेळा पुस्तक विकत घेणाऱ्याच्या बाजूने केली जाते. घरात कपाटांना जागा उरली नाही, कागद महागला, प्रवासात जाड ग्रंथ नेता येत नाही, किंवा याउलट नव्या पुस्तकाचा वास पडद्याला कुठून येणार, असे मुद्दे त्या चर्चेत मांडले जातात. हे मुद्दे खोटे नाहीत, परंतु ते ज्याच्या घरी पुस्तके आहेत आणि ज्याच्या घराजवळ पुस्तकाचे दुकान आहे, त्याचे आहेत. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात हाच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. आमच्याकडे तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान म्हणून जे असते, तिथे वह्या, गाइड, प्रश्नसंच, पोलीस भरतीची पुस्तके आणि पोथ्या मिळतात. कथा-कादंबरी, चरित्र किंवा इतिहासाचे पुस्तक हवे असेल तर नागपूर-अमरावतीची वाट धरावी लागते. यवतमाळला २०१९ मध्ये आणि वर्ध्याला २०२३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा हे अंतर थोड्या दिवसांसाठी मिटले. संमेलनाचे मांडव उतरले आणि पुस्तकांच्या पेट्या परत गेल्या.

ग्रामीण विदर्भातले वाचन विकत घेतलेल्या पुस्तकावर फारसे कधी चाललेच नाही. ते चालले ते उसन्या पुस्तकावर. शिक्षकांनी बदली होऊन जाताना ठेवून दिलेली पुस्तके, एका घरी येणारा आणि चार घरी फिरणारा दिवाळी अंक, आणि या सगळ्यांहून अधिक म्हणजे गावचे वाचनालय, हा आमच्या वाचनाचा खरा आधार. म्हणून छापील पुस्तकाच्या भवितव्याविषयी माझे म्हणणे एवढेच आहे की, आमच्यापुरते ते किंडलसारख्या ई-बुक वाचण्याच्या यंत्राच्या किमतीवर किंवा नव्या पिढीच्या आवडीवर ठरणार नाही. पुस्तक उसने देण्याची सार्वजनिक व्यवस्था आपण जगवतो की मरू देतो, यावर ते ठरेल. आज ती व्यवस्था मरू दिली जात आहे, आणि त्याचे खापर मोबाइलवर फोडले जात आहे.

एकाच प्रतीने अनेकांची गरज भागवण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक्केचाळीस अध्यायांचा हा ग्रंथ आमच्या भागात पोहोचला तो मुख्यतः सामुदायिक वाचनातून: महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा एक जण वाचत असे आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही ऐकत असत. शेतीपासून गावच्या स्वच्छतेपर्यंतचे विषय त्या ओव्यांतून ज्यांच्या कानावर पडले, त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यात एकही पुस्तक विकत घेतले नसेल. त्यांना वाचक म्हणायचे नसेल, तर मग वाचनसंस्कृती या शब्दाने आपण नेमके काय मोजतो, हे सांगावे लागेल.

आमच्या भागातल्या एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काही वर्षे काम करत आहे. ग्रामपंचायतीला लागून एक खोली, तिच्यात लोखंडी कपाटे, एक लांब टेबल आणि वर्तमानपत्रांचा स्टँड, एवढाच त्याचा पसारा. तिथले देवघेव रजिस्टर मी अनेकदा चाळतो, कारण गावात कोण वाचते याविषयी बाहेरचा माणूस जे गृहीत धरतो, ते त्या रजिस्टरात टिकत नाही. पेरणी आणि निंदणाच्या दिवसांत त्याची पाने जवळजवळ कोरी असतात. सोयाबीनची सोंगणी आटोपून दिवाळी झाली की नावे वाढू लागतात. कापूस वेचणीच्या जोरात पुन्हा ओसरतात आणि उन्हाळ्यात, शाळेला सुट्या लागल्या की, एकेका दिवशी अर्धे पान भरते. नावांच्या रकान्यात शाळकरी मुले पुष्कळ दिसतात. परंतु ज्या पुस्तकासमोर सातवीतल्या मुलाचे नाव असते, ते कित्येकदा पाचशे पानांची ऐतिहासिक कादंबरी असते. ती त्याची आई वाचते. वाचनालयात संध्याकाळी पुरुष पेपर वाचत बसलेले असतात, म्हणून ती स्वतः येत नाही. मुलाला पाठवते, आणि पुस्तक परत येते तेव्हा त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर चढलेले असते. अशी काही पुस्तके वीस-वीस वर्षे फिरत आहेत. त्यांच्या पाठीला दाभणाने टाके घातलेले आहेत, वाळवीपासून जपण्यासाठी कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवलेला आहे, आणि शेवटच्या पानावरची परतीच्या तारखांची पट्टी भरली म्हणून तिच्यावर दुसरी आणि दुसरीवर तिसरी चिकटवलेली आहे. एका प्रतीची किंमत दोनशे रुपये असेल, तर तेवढ्यात गावाला किती वाचने मिळाली, याचा हिशेब त्या पट्ट्यांवरच आहे.

डिजिटल वाचनाने आम्हाला काही दिले नाही, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी विश्वकोश आज कोणालाही मोबाइलवर विनामूल्य पाहता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशने संकेतस्थळावर ठेवली आहेत आणि त्यांत अशीही पुस्तके आहेत की, ज्यांची छापील प्रत जिल्ह्याच्या ठिकाणीही सापडली नसती. बालभारतीचे पाठ्यपुस्तक हरवले तर मूल त्याची प्रत उतरवून घेऊ शकते. अंध वाचकाला तर आवाजात वाचून दाखवणाऱ्या साधनाने प्रथमच कोणाच्या मिनतवारीवाचून पुस्तक दिले. तलाठी, पोलीस किंवा वनरक्षक भरतीची तयारी करणारी मुले-मुली चालू घडामोडींसाठी मोबाइलवरच अवलंबून असतात, आणि त्यांना छापील मासिकाची वाट पाहा असे सांगण्यात अर्थ नाही. ज्याला डिजिटल मजकूर उपयोगी पडतो, त्याने तो वापरावा.

अडचण येते ती पुढे. गावात मोबाइल घरोघरी आहे, याचा अर्थ तो घरातल्या प्रत्येकाच्या हाती आहे असा नाही. चांगला, मोठ्या पडद्याचा फोन बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाकडे किंवा शिकणाऱ्या मुलाकडे असतो. मुलीला तो अभ्यासापुरता मिळतो आणि तिच्या आईला फोन आला तर उचलण्यापुरता. त्यावर निवांत दोन तास कादंबरी वाचत बसण्याची मुभा घरातल्या बाईला मिळेल, असे मानणाऱ्याने आमच्याकडची घरे पाहिलेली नाहीत. मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीकडे अनेक गावांत रेंजसाठी उंचवट्यावर जावे लागते. छापील पुस्तक मात्र स्वयंपाकघराच्या फळीवर राहू शकते, दुपारी अर्धा तास उघडता येते, आणि कोणाकडे मागावे लागत नाही.

याहून मूलभूत अडचण मालकीची आहे. ई-बुक विकत घेतले असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आपण ते वाचण्याचा परवाना घेतलेला असतो, आणि तो परवाना एका खात्याला बांधलेला असतो. अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत केले आणि पुढे माफीही मागितली, पण पुस्तक वाचकाच्या घरातून दुरून उचलून नेता येते, हे तेव्हा जगाला दिसले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-बुक दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांची विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. शहरातल्या वाचकाला हा त्रास वाटेल. आमच्यासाठी तो व्यवस्थेचा पायाच काढून घेण्यासारखा आहे, कारण असे पुस्तक शेजारणीला देता येत नाही, वाचनालयाला दान करता येत नाही आणि बदली होऊन जाताना मागे ठेवता येत नाही. टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या पीडीएफ हे या अडचणीचे उत्तर मानणारे पुष्कळ आहेत. मी मानत नाही. त्या फायली म्हणजे लेखक आणि प्रकाशक यांच्या मेहनतीची चोरी आहे, आणि हजार प्रतींची आवृत्ती काढतानाही दहादा विचार करणारा मराठी प्रकाशक या चोरीने सर्वांत आधी मरतो. वाचनालय पुस्तक विकत घेते आणि मगच उसने देते. लेखकाचा हक्क राखून गरिबाला वाचायला देणारी याहून सरळ रीत अजून कोणी काढलेली नाही.

मजकूर कुलपात असला की त्याचे काय होते, हे विदर्भाने फार पूर्वी पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी घरोघरी, गावोगावी हिंडून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा तो आरंभ मानला जातो. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा लिहून काढले. ते टिकले, कारण ते अनेकांच्या मुखी होते. नंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परक्या आणि विरोधी काळात ग्रंथांची विटंबना होऊ नये, ही त्यामागची चिंता समजण्याजोगी होती, आणि त्या लिपीने ग्रंथ जपलेही. पण ज्याच्याकडे लिपीची किल्ली नव्हती, त्या सर्व मराठी माणसांना हे गद्य शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपी उलगडली, तेव्हा मराठी साहित्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये छापून आले आणि ती पाने सामान्य वाचकाच्या हाती आली. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. मला या इतिहासातून हे दिसते की, ग्रंथ जिवंत राहण्यासाठी तो अनेक हातांत असावा लागतो आणि ज्याला अक्षर येते त्याला तो उघडता यावा लागतो. कंपनीच्या खात्यात, तिच्याच यंत्रावर आणि तिच्याच मर्जीने उघडणारा मजकूर या कसोटीला उतरत नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या विनामूल्य फायली किंवा विश्वकोश उतरतात, आणि म्हणूनच मी त्यांना कंपन्यांच्या ई-बुकांच्या रांगेत बसवत नाही.

वाचून समजण्याच्या बाबतीतही कागदाची बाजू भावनेपुरती नाही. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा आणि त्यांतल्या १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात आढळले. कथात्मक मजकुरात तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वीडनने शाळांमध्ये पडदे आणण्यात पुढाकार घेतला होता, आणि त्याच स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तके परत आणण्यासाठी वेगळा निधी दिला. परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या मुलांसाठी यात धडा आहे, कारण त्यांना वाचायचे असते ते माहितीपरच आणि तेही घड्याळाकडे पाहत.

आता व्यवस्थेकडे येतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, आणि गाव तिथे ग्रंथालय ही घोषणा त्यातूनच पुढे मोठी झाली. राज्यातल्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या एके काळी बारा हजारांच्या घरात गेली होती आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे; अ सर्वांत वरचा, ड सर्वांत खालचा. गावांतली बहुतेक ग्रंथालये ड किंवा क वर्गातली. २०१२ मध्ये सरकारने महसूल यंत्रणेकडून सर्व ग्रंथालयांची पडताळणी करवली. कागदावरच चालणारी ग्रंथालये त्यात सापडली, आणि ती सापडायलाच हवी होती. परंतु त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि चालू ग्रंथालयांना वरचा वर्ग देणे जे थांबले, ते दहा वर्षांहून अधिक काळ थांबूनच राहिले. ज्या गावाने या काळात नवे वाचनालय काढले, त्याला सरकारदरबारी वालीच उरला नाही, आणि ज्याने मन लावून पुस्तके व सभासद वाढवले, तोही ड वर्गातच अडकला. मूठभर लबाडांची शिक्षा प्रामाणिक गावांनी भोगली.

अनुदानाचा आकडा पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होते. २०२२ मध्ये सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. त्यातली निम्मी रक्कम वेतनाला धरली तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. वावरात मजुरीला जाणारी बाई साधारण आठ-दहा दिवसांत तेवढे कमावते. या रकमेत ग्रंथपालाने रोज वेळेवर कुलूप उघडावे, नोंदी ठेवाव्यात, फाटकी पुस्तके शिवावीत, वाळवी शोधावी आणि वाचकाला काय वाचावे तेही सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. उरलेल्या पैशांत पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि खोलीची डागडुजी. अनुदानाचे हप्ते वेळेवर येत नाहीत; मार्चअखेरीस रक्कम एकदम हाती पडली की, खर्च दाखवण्याच्या घाईत मिळतील ती पुस्तके घेतली जातात. आमच्याही वाचनालयात एका विक्रेत्याने अशाच घाईत एक गठ्ठा दिला होता. त्यात एकाच कंटाळवाण्या निबंधसंग्रहाच्या अनेक प्रती निघाल्या, आणि त्या कपाटात जशाच्या तशा पडून आहेत. मग तपासणीला आलेला माणूस म्हणतो, पुस्तके कोणी नेत नाही, वाचन संपले आहे. वाचन संपलेले नाही. मागितलेले पुस्तक मिळत नाही, म्हणून वाचक येत नाही, एवढीच गोष्ट आहे.

मुले अभ्यासिकेत येतात, पुस्तकांसाठी नव्हे, असाही आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे आणि त्यात मला वाईट वाटण्याजोगे काही दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना ज्याला अभ्यास करता येत नाही, त्याच्यासाठी वाचनालयाचे टेबल हीच एकमेव शांत जागा असते. गडचिरोली पोलिसांनी 'एक गाव, एक वाचनालय' या उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालये काढली, तिथेही भरतीच्या अभ्यासाला येणारे तरुण हेच मुख्य वाचक आहेत. एकदा मूल त्या खोलीत आले, की चार फुटांवरच्या कपाटाशी त्याची ओळख होण्याची शक्यता निर्माण होते. मात्र कपाट उघडे पाहिजे. कित्येक ठिकाणी अभ्यासिका उघडी असते आणि कपाटांना कुलूप असते, कारण पुस्तक हरवले तर ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनातून भरपाई मागितली जाण्याची भीती असते. ही भीती नियम बदलून घालवता येईल. सतत हाताळल्या जाणाऱ्या संग्रहात काही पुस्तके दरवर्षी झिजणार आणि हरवणार, हे धरूनच चालले पाहिजे. जिथे वर्षानुवर्षे एकही पुस्तक हरवत नाही, तिथे ते कोणी नेतच नाही, असे समजायला हरकत नाही.

कागदाच्या आणि टपालाच्या धोरणाचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेला कर परत मिळत नाही. तो शेवटी किमतीत शिरतो. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्टची जुनी स्वस्त सोय बंद केली. त्यावर ओरड झाली आणि १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू झाली, तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये आणि ५ किलोच्या गठ्ठ्याला १०० रुपये पडतात. ज्या गावाजवळ दुकान नाही, त्याच्यासाठी टपाल हेच दुकान असते. त्यामुळे ही सेवा टिकली पाहिजे आणि डाकघरातल्या माणसाला ती माहीत असली पाहिजे.

एका टॅबमध्ये हजार पुस्तके मावतात, मग त्याच पैशांत गावाला टॅब का देऊ नये, असे आता सुचवले जाते. टॅब जरूर द्यावा, वाचनालयाच्या टेबलावर ठेवावा आणि त्यात विश्वकोश व मंडळाची पुस्तके भरून द्यावीत. परंतु तो पुस्तकांच्या निधीतून देऊ नये. टॅबवर एका वेळी एकच जण वाचतो, आणि तो घरी नेता येत नाही. हजार छापील पुस्तके हजार घरी असू शकतात. शिवाय चार-पाच वर्षांत त्याची बॅटरी बसते आणि नवा घेण्यासाठी पुन्हा योजना निघण्याची वाट पाहावी लागते.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ मध्ये सरकारी योजनेतून 'पुस्तकांचे गाव' झाले आणि पुढच्या टप्प्यात गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचीही निवड झाली, याचा मला आनंद आहे. पर्यटकाने तिथे जाऊन पुस्तक हाती घ्यावे. तरीही एका गावात भरपूर पुस्तके ठेवण्यापेक्षा भरपूर गावांत थोडी थोडी, पण वाचकाने मागितलेली पुस्तके पोहोचवणे, हे अधिक निकडीचे आणि कमी खर्चाचे काम आहे. त्यासाठी आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. अनुदान वर्षाच्या आरंभी मिळावे. ग्रंथपालाचे वेतन किमान वेतनाइतके असावे आणि ते पुस्तकांच्या रकमेतून कापले जाऊ नये. ग्रंथखरेदीची निम्मी यादी सभासदांच्या मागणी-वहीतून यावी. आणि आठवड्यातला एक दिवस दुपारी वाचनालय केवळ बायका आणि मुलींसाठी उघडे असावे. शेवटच्या मागणीला तर पैसाही लागत नाही. ती आम्ही आमच्या कार्यकारिणीत मांडली आहे आणि येत्या उन्हाळ्यात, वेचणी संपून वावरे रिकामी झाली की, सुरू करणार आहोत. बाकीच्या मागण्यांसाठी ग्रंथालय कर्मचारी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन येतात, तेव्हा त्यांच्यासोबत वाचकांनीही चालले पाहिजे, कारण हा प्रश्न त्यांच्या पगाराइतकाच आमच्या पुस्तकांचा आहे.